‘माझ्या भावाला सांगा’ : वाटणी, हक्क आणि लोभ

बावखल

लूककृत शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायातील एका प्रसंगावर आमच्या प्रार्थनागटात चर्चा झाली आणि तिने माझे समाधान झाले नाही, म्हणून तो प्रसंग या धाग्यात चर्चेसाठी मांडत आहे. हजारोंच्या गर्दीतून एक माणूस येशूला म्हणतो, की गुरुजी, वतनातला माझा वाटा मला द्यायला माझ्या भावाला सांगा. येशू ते साफ नाकारतो. तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा म्हणून मला कोणी नेमले, असे तो उलट विचारतो, आणि लगेच सगळ्या लोकांकडे वळून सर्व प्रकारच्या लोभापासून सांभाळून राहा, असे बजावतो. त्यापुढे मोठी कोठारे बांधायला निघालेल्या आणि त्याच रात्री मरण पावणाऱ्या श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट येते.

माझी अडचण अशी, की हा माणूस फिर्यादी आहे. भावाने त्याचा वाटा दाबून ठेवला असण्याचीच शक्यता अधिक. तरीही जो मागायला आला त्याला लोभावरचे प्रवचन ऐकावे लागले, आणि ज्याने वाटा अडवला तो भाऊ त्या प्रसंगात कोठेच दिसत नाही.

आम्हा वसईकरांना हा उतारा वाचताना पॅलेस्टाईन आठवत नाही, सातबारा आठवतो. ज्या वाडीत आजोबांनी पानवेल आणि केळी लावली, ती आता गुंठ्याच्या भावाने मोजली जाते, आणि त्या भावापायी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत. ते एकाच मिस्सेला येतात, परंतु एकमेकांना शांती द्या असे फादर म्हणाले, की एक जण डावीकडच्या बाकाकडे वळतो आणि दुसरा उजवीकडच्या. उपवासकाळात हेच लोक मासळी-मटण सोडतात, क्रुसाच्या वाटेला न चुकता येतात. रागाची, दारूची, खोटे बोलण्याची कबुली त्यांच्यापैकी पुष्कळ जण देत असतील. परंतु ‘मी लोभी आहे’ असे त्यांच्यापैकी कोणी स्वतःशी तरी म्हणत असेल का, याची मला शंका आहे.

तेव्हा स्वतःचा हक्क मागणे हा लोभ आहे का? नसेल, तर येशूने त्या माणसाला असे उत्तर का दिले? आणि लोभाने आत्म्याला जो धोका होतो असे आपण मानतो, तो ज्याच्याजवळ आहे त्याला, की ज्याला हवे आहे त्याला?

तिखटमीठ

धोका दोघांनाही आहे. तिसरा असतो वकील. त्याला धोका नसतो, तारीख असते.

नगरी_पाळक

बावखलताई, प्रभूमध्ये सलाम. प्रश्न चांगला आहे आणि तो व्यासपीठावरून क्वचितच विचारला जातो, कारण प्रवचन करणारे आम्ही लोक थेट कोठारांवर उडी मारतो.

त्या काळी वाटणीचा तंटा धर्मगुरूपुढे नेणे ही रीतच होती, कारण वारसाचा कायदा मोशेच्या नियमशास्त्रातच होता. अनुवाद २१ प्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा मिळे. म्हणजे त्या माणसाने काही वावगे केले असे नाही. येशूनेही तुझी मागणी खोटी आहे असे म्हटलेले नाही. त्याने फक्त त्या तंट्यात हत्यार व्हायचे नाकारले. त्या माणसाने काय विचारले ते पाहा. आमच्यात न्याय काय, असे त्याने विचारले नाही. निकाल त्याच्या मनात आधीच झाला होता. त्याला त्यावर येशूची सही हवी होती.

आता कोठारवाल्याकडे येऊ. त्याने कोणाला लुबाडले नाही, मजुरी बुडवली नाही, वजनात मारले नाही. जमिनीला भरपूर पीक आले, एवढेच. मग देव त्याला मूर्ख का म्हणतो? त्याचे बोलणे पुन्हा वाचले, की ध्यानात येते. माझी पिके, माझी कोठारे, माझे धान्य, माझा माल, आणि शेवटी स्वतःच्या जिवाशीच संवाद : हे जिवा, खा, पी, आनंद कर. त्या गोष्टीत बायको नाही, मुले नाहीत, गडी नाही, शेजारी नाही. एवढे पीक घरात आले तरी सल्ला विचारायला किंवा आनंद सांगायला त्याच्याजवळ स्वतःशिवाय माणूस उरलेला नाही. माझ्या मते मरण त्याला रात्री आले, पण त्याचे नुकसान त्याच्या कितीतरी आधी झाले होते.

आणि पुढच्याच ओळींत येशू शिष्यांना कावळे दाखवतो, ज्यांना ना कणगी आहे ना कोठार.

खतावणी

मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे आणि घराण्याने ख्रिस्ती आहे, त्यामुळे हा उतारा ऐकताना दर वेळी मला थोडे अवघडल्यासारखे होते. हा शेतकरी माझा अशील असता, तर मी त्याची पाठ थोपटली असती. उत्पन्न वाढले, साठवणुकीची सोय अपुरी पडली, म्हणून त्याने जुने पाडून मोठे बांधायचे ठरवले. यात लोभ कोठे आला? आज मुलांच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी, म्हातारपणासाठी जो साठवत नाही, त्याला आपण श्रद्धावान म्हणत नाही, बेजबाबदार म्हणतो. उत्पत्तीच्या ४१व्या अध्यायात योसेफही मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरतो आणि शास्त्र त्याला शहाणा म्हणते. मग एका कोठाराला शहाणपण आणि दुसऱ्याला मूर्खपणा म्हणायचे, ते कोणत्या मापाने?

जुनाकरार

माप त्याच पुस्तकांत आहे. निर्गम १६ मध्ये रानात मान्ना (आकाशातून मिळालेले अन्न) पडतो. ज्याने गरजेपुरता गोळा केला त्याला पुरला, ज्याने दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्याच्या मान्न्यात किडे पडले आणि दुर्गंधी सुटली. परंतु शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, आदल्या दिवशी दुप्पट ठेवला, तो मात्र नासला नाही. साठवणे तेच, हेतू वेगळा. योसेफाने कोठारे सगळ्या देशासाठी भरली होती. लूकमधल्या शेतकऱ्याची फक्त त्याच्यासाठी.

अर्थात योसेफाचे कौतुकही सांभाळून करावे. उत्पत्ती ४७ पुढे वाचले, तर त्याच कोठारांच्या जोरावर त्याने आधी लोकांचा पैसा घेतला, मग गुरेढोरे घेतली, शेवटी जमिनी घेतल्या आणि माणसांनाही फारोचे, म्हणजे मिसरच्या राजाचे, दास केले. सुटल्या त्या फक्त याजकांच्या जमिनी. हे शेवटचे वाक्य आपल्या मंडळ्यांच्या विश्वस्तांनी सावकाश वाचावे.

तिखटमीठ

विश्वस्त ते वाचतील, पण तारखेला कोर्टात हजेरी लावून आल्यावर.

नगरी_पाळक

विनोद लागला, आणि तो लागायलाच हवा. मिशनच्या काळचे बंगले, शाळांची मैदाने, मोकळ्या जागा यांवरून मंडळीतली माणसे एकमेकांविरुद्ध वर्षानुवर्षे न्यायालयात उभी आहेत, हे आमच्या बाजूला कोणापासून लपलेले नाही. ज्या जागा अनाथ मुलांसाठी आणि शाळांसाठी घेतल्या गेल्या, त्यांचा आजचा बाजारभाव कळल्यावर प्रार्थना बदललेली मी पाहिली आहे. मंडळीतल्या माणसाचा लोभ अधिक घातक असतो, कारण तो ‘प्रभूच्या कार्यासाठी’ असतो.

उंबरठा

मी येथे सहसा लिहीत नाही, वाचते. परंतु बावखलताईंच्या प्रश्नात एक पात्र सुटले आहे. त्या माणसाला एक बहीण असेल, तर ती कोठे होती?

आमच्या वडिलांच्या पश्चात आम्हा बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेण्यात आले. कागद आधीच तयार होते. छायाचित्र काढले, अंगठे घेतले, सह्या झाल्या, आणि बाहेर आल्यावर उसाचा रस पाजण्यात आला. त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात, हे मला नंतर कळले. सही करताना ‘नावे चढवायला लागते’ एवढेच सांगितले होते. पुढे काही वर्षांनी वाडीचा काही भाग विकला गेला, तेव्हा मी फक्त विचारले, की आम्हाला यातून काही आहे का. त्या दिवसापासून माहेरी मी लोभी ठरले. माझ्या भावजयीने तर मला पहिले तीमथ्य ६:१० मोबाईलवर पाठवले : ‘द्रव्याचा लोभ सर्व प्रकारच्या वाइटाचे एक मूळ आहे.’

ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र न करता देह ठेवला, तर १९२५च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. कायदा शंभर वर्षांचा झाला. शास्त्र त्याहून जुने आहे. गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेसमोर आणि साऱ्या मंडळीसमोर दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहतात आणि आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचे नाव का पुसले जावे, असे विचारून जमीन मागतात. मोशे देवाला विचारतो आणि देव म्हणतो, की त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तेथे लोभावरचे प्रवचन नाही.

तेव्हा मागणे हा लोभ नव्हे, हे माझ्यापुरते ठरलेले आहे. मला विचारायचे आहे ते वेगळेच. लोभाचे पाप आपण नेहमी मागणाऱ्याच्या नावावर का चढवतो, आणि जो घेऊन गप्प बसला आहे त्याला समाधानी, शांत, देवभीरू का म्हणतो?

सुगंधा_नाशिक

उंबरठाताई, शब्द नाहीत. उसाचा रस डोळ्यांसमोर आला.

मांडवीकाठ

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या वारसा कायद्याने मुलगा-मुलगी समान, आणि बापाला अर्ध्याहून अधिक मालमत्ता मुलांना डावलून मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे उंबरठाताईंचा प्रश्न कायद्याने तरी सुटायला हवा. तरीही आमच्या गावांत कुलुपे लागलेली मोठमोठी घरे पाहा. वारस पोर्तुगाल, लंडन, मुंबई, आखात येथे पांगलेले. कोणी सही देत नाही, कोणी दुरुस्ती करत नाही, छप्पर कोसळते. विकून कोणाला फारसे मिळणार नसते, पण दुसऱ्याला मिळू नये म्हणून सही अडवली जाते. माझ्या दृष्टीने हाही लोभच आहे, आणि अधिक विचित्र प्रकारचा, कारण त्यात मिळवण्याचा आनंदसुद्धा नाही. कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, जाणाऱ्या कोणीही ‘मी सही अडवली’ असे सांगत असेल असे मला वाटत नाही.

लोंगर

बावखलताईंनी वसईचे लिहिले आहे म्हणून बोलतो. मी जमीन विकली आहे. थोडी, पण विकली आहे. मला ‘बिल्डरला जमिनी विकणारे लोभी’ हे वाक्य ऐकून कंटाळा आला आहे, विशेषतः ज्यांनी आयुष्यात एकदाही केळीला पाणी सोडलेले नाही त्यांच्या तोंडून.

वाडी कशी जाते ते सांगतो. प्रथम आजूबाजूचे लोक विहिरींना मोठे पंप लावून टँकर भरू लागतात, कारण शहराला पाणी हवे असते आणि पाण्याला भाव असतो. गोडे पाणी उपसले, की खाली खारे सरकते. मग पानवेल पिवळी पडते. मग मजूर मिळत नाही. पावसाचे पाणी जिरवणारे शेजारचे बावखल कोणीतरी राबीट टाकून बुजवतो आणि पावसाळ्यात तेच पाणी तुमच्या वाडीत उभे राहते. त्यात घरात एक मोठे आजारपण निघाले, की वाडीचा मालक तलाठ्याकडे जातो. याला लोभ म्हणायचे?

१९८०च्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबरोबर हरित वसईसाठी जे लोक रस्त्यावर उतरले, त्यांत आमच्या घरचेही होते. फादरांनी निव्वळ शेतकऱ्याला दोष दिला नाही. जमिनीकडे माल म्हणून पाहणारी सगळी साखळी त्यांनी समोर धरली. त्या साखळीत टँकरवाला आहे, बिल्डर आहे, पुढारी आहे, आणि गुंतवणूक म्हणून तेथे दुसरा फ्लॅट घेऊन कुलूप लावणारा मुंबईकरही आहे. तो मुंबईकर रविवारी देवळात जाऊन पर्यावरणासाठी प्रार्थनाही करतो.

बावखल

लोंगर दादा, तुमच्यावर रोख नव्हता. परंतु तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्यही नाही. आजारपणासाठी पाच गुंठे विकणारा आणि तीन मजली घर, दोन गाड्या आणि लग्नात हजार पाने उठवण्यासाठी वाडी विकणारा, हे दोघे वसईत शेजारी राहतात. पहिल्याबद्दल बोलताना दुसरा त्याच्या आडोशाला उभा राहतो.

मला अशा वेळी नाबोथ आठवतो (१ राजे २१). अहाब राजा त्याला त्याच्या द्राक्षमळ्याच्या बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ करतो. व्यवहार म्हणून त्यात खोट नाही. नाबोथ म्हणतो, की माझ्या वाडवडिलांचे वतन मी तुला देणे हे परमेश्वर माझ्याकडून न घडवो. त्यानंतर राजा घरी येऊन पलंगावर पडतो, तोंड फिरवतो आणि जेवत नाही. सबंध राज्य ज्याच्या हातात आहे, तो माणूस एका भाजीच्या मळ्यासाठी लहान मुलासारखा रुसून बसला आहे. लोभाचे इतके नेमके चित्र मी दुसरीकडे वाचलेले नाही. पुढे खोटे साक्षीदार, दगडमार आणि रक्त येते, पण ते सगळे त्याची राणी ईजबेल करते; अहाबाने फक्त जेवायचे सोडलेले असते.

लोंगर

उदाहरण मान्य. पण नाबोथाच्या विहिरीत खारे पाणी शिरले नव्हते.

पिंपळपान

मी ख्रिस्ती नाही, पण धागा पहिल्यापासून वाचत आहे. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर ही यादी आम्ही शाळेपासून पाठ केलेली. अपरिग्रहाचे व्रत जैन आणि योग परंपरेत आहे. संतांनी तर द्रव्यावर इतके लिहिले, की त्यात आणखी काय भर घालायची. प्रामाणिकपणे विचारतो, ख्रिस्ती विचारात लोभाबद्दल काही निराळे आहे, की तीच शिकवण वेगळ्या नावांनी आहे?

तिखटमीठ

आमच्याकडे महापापांची यादी सातांची आहे. एक जास्तीचे फुकट दिले आहे.

सातसमुद्रापार

टोरोंटोहून लिहीत आहे. पिंपळपान यांच्या प्रश्नाला माझ्या परीने उत्तर देतो. साम्य पुष्कळ आहे आणि ते नाकारण्यात काही अर्थ नाही. परंतु दोन गोष्टींवर ख्रिस्ती परंपरेने विशेष जोर दिला, असे मला वाटते.

पहिली गोष्ट अशी, की येशू धनाला वस्तू म्हणून वागवत नाही, धनी म्हणून वागवतो. कोणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, एकतर देव नाहीतर धन, असे मत्तय ६ मध्ये आहे. पौलाने कलस्सैकरांना लिहिताना लोभाला सरळ मूर्तिपूजा म्हटले. म्हणजे लोभ हा केवळ मनाचा विकार नाही, ती चुकीच्या ठिकाणी केलेली उपासना आहे. ज्याच्यावर भरवसा टाकून माणूस रात्री झोपतो तोच त्याचा देव, असा तो हिशेब आहे. म्हणून आत्म्याला धोका. गरिबालाही हा धोका असू शकतो, कारण पूजेसाठी मूर्ती स्वतःच्या मालकीची असावी लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दारातला माणूस. लूक १६ मधला श्रीमंत जांभळी वस्त्रे घालतो, रोज मेजवानी झोडतो, आणि त्याच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजर पडलेला असतो. त्याने लाजराला मारले नाही, हाकललेही नाही. पण मेल्यावर यातना भोगताना तो म्हणतो, बापा अब्राहामा, लाजराला पाठव, त्याच्या बोटाचे टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करायला सांग. म्हणजे त्याला लाजराचे नाव ठाऊक होते! रोज येता-जाता ओळखत होता. आणि नरकातसुद्धा तो लाजराला निरोप्या आणि पाणक्या म्हणूनच पाहतो. त्याची माफी मागावी हे त्याच्या मनातही येत नाही. लोभाने काय होते, तर माणसे दिसतात, ओळखूही येतात, पण आपल्या कामापुरती.

चौथ्या शतकात कप्पदुकियातल्या कैसरियात दुष्काळ पडला असताना संत बेसिल यांनी लूकमधल्या याच कोठारांच्या गोष्टीवर प्रवचन केले. तुझ्या घरात पडून असलेली भाकरी भुकेल्याची आहे, पेटीत ठेवलेला अंगरखा उघड्याचा आहे, कुजत असलेले जोडे अनवाण्याचे आहेत, असा त्याचा आशय होता. तेथे दान हा उपकार राहत नाही, परतफेड होते. बेसिल यांनी स्वतः भुकेल्यांसाठी अन्नाची व्यवस्था लावली आणि पुढे आजारी व निराधारांसाठी मोठी वसाहत उभारली, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन आले.

जुनाकरार

यात भर एवढीच, की ५९० ते ६०४ या काळात पोप असलेल्या थोर ग्रेगरी यांनी लोभाच्या मुली मोजल्या आहेत : विश्वासघात, फसवणूक, असत्य, खोटी शपथ, अस्वस्थता, बळजबरी आणि दयेविषयी काळीज कठोर होणे. भाऊबंदकीचा कोणताही दावा उघडून पाहा, या सगळ्या क्रमाने सापडतात. मला स्वतःला पाचवी महत्त्वाची वाटते. बाकीच्या दुसऱ्याला छळतात, अस्वस्थता मात्र मालकालाच छळते. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ पहाटे उठून आधी शेअरचे भाव पाहतात आणि मग क्रुसाची खूण करतात.

तिखटमीठ

सात मुली, आणि एकीकडूनही हक्कसोडपत्र घेतलेले नाही. लोभ आपल्या मुलींना पूर्ण वाटा देतो, हे उंबरठाताईंच्या माहेरी कळवावे.

उंबरठा

पुष्कळ दिवसांनी हसले. कळवते.

खतावणी

सगळ्यांचे वाचले. माझ्या प्रश्नाचे उत्तर अर्धेच मिळाले. हेतू वेगळा, हे मान्य. पण हेतू मोजता येत नाही आणि प्रत्येक जण आपला हेतू योसेफाचाच सांगतो. ‘मुलांसाठी’ हा शब्द तर असा आहे, की त्याखाली कितीही मोठे कोठार झाकले जाते.

मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांचा नियम मला हिशेबाला सोयीचा वाटतो : शक्य तितके मिळवा, शक्य तितके वाचवा, शक्य तितके द्या. गंमत अशी, की आपल्याकडे पहिले दोन भाग पाठ असतात. वेस्ली यांनी एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुणाचा जमाखर्च दिला आहे, आणि तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असे मानतात. वर्षाला ३० पौंड मिळाले तेव्हा त्याने २८वर भागवले आणि २ दान केले. ६० मिळाले तेव्हाही २८, पुढे ९० आणि १२० झाले तेव्हाही २८. उत्पन्न वाढले, की गरज वाढलीच पाहिजे, हे त्याने मान्य केले नाही. माझ्या अशिलांपैकी कोणाला मी हे सांगितले, तर ते लेखापाल बदलतील. पण हेतू मोजायचा झाला, तर ही एक पट्टी आहे असे मला वाटते : मिळकत वाढल्यावर बाहेर जाणारा आकडा वाढला का?

सुगंधा_नाशिक

‘द्या’वरून आठवले. आमच्याकडे अलीकडे एक प्रचारक येऊन गेले. ‘बी पेरा, शंभरपट कापा’ हा विषय, आणि पडद्यावर क्यूआर कोड. विधवेच्या दोन दमड्यांचा उतारा वाचून दाखवला आणि तिने सर्वस्व दिले, तुम्ही किती देणार, असे विचारले. माझ्या शेजारी बसलेल्या बाई धुण्याभांड्यांची कामे करतात. त्यांनी मुलाला फोन लावून पैसे पाठवायला सांगितले. मला तेथे काहीतरी फार चुकत असल्यासारखे वाटले, पण शास्त्रातलेच वाचत होते, मग कसे बोलणार?

नगरी_पाळक

बोलायला हवे होते, आणि शास्त्रातूनच बोलता आले असते. मार्क १२ मध्ये विधवेचा प्रसंग ४१व्या वचनापासून सुरू होतो. त्याच्या लगेच आधीचे ४०वे वचन मोठ्याने वाचावे : शास्त्री लोक विधवांची घरे गिळतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात, त्यांना अधिक शिक्षा होईल. आणि विधवेच्या प्रसंगानंतर लगेच येशू म्हणतो, की या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही. ज्या व्यवस्थेने तिच्याकडून शेवटची दमडीही घेतली, तिच्याविषयीचे हे बोलणे आहे असे काही अभ्यासक मानतात, आणि मला ते पटते. त्या बाईची श्रद्धा थोर आहे यात वादच नाही. पण तिची श्रद्धा दाखवून दुसऱ्या विधवेच्या खात्यातून पैसे काढणारा माणूस ४०व्या वचनात मोडतो.

बी पेरण्याच्या या शिकवणुकीत लोभाचा उपचार लोभानेच केला जातो. देवाला द्या, म्हणजे अधिक मिळेल, असे म्हटले, की देव ही मुदत ठेव झाली.

बावखल

आता मूळ प्रश्नाकडे परत येते. पाळकसाहेबांचे म्हणणे, की त्या माणसाला येशूची फक्त सही हवी होती. उंबरठाताईंचे म्हणणे, की मागणे लोभ नव्हे आणि लोभाचा शिक्का घेणाऱ्यावर बसायला हवा. मला वाटते, ही दोन्ही एकत्र बसतात. येशूने सावध राहायला सांगितले ते फक्त त्या माणसाला नव्हे. ‘तो त्यांना म्हणाला’ असे तेथे आहे. तो भाऊही त्या गर्दीत असू शकतो. आणि पुढची गोष्ट ज्याच्याबद्दल आहे, तो मागणारा नाहीच. ज्याच्याकडे आधीच भरपूर आहे, तो आहे. म्हणजे वाटणीला नकार दिल्यानंतर येशू ती गोष्ट वाटा दाबणाऱ्या भावाचीच सांगतो, असे मी आता वाचते.

उंबरठा

बावखलताई, हे वाचन मला आवडले, पण त्याने मागणाऱ्या माणसाचे काहीच झाले नाही. गोष्ट भावाची असेल, तरी तो रिकाम्या हातानेच घरी गेला. सलाफहादाच्या मुलींना जमीन मिळाली होती.

नगरी_पाळक

हे खरे आहे, आणि माझ्याजवळ याला उत्तर नाही. जकातदार जक्कयाच्या घरी मात्र (लूक १९) येशूने वाटणीचा शब्दही न काढता वाटणी झाली. त्याने आपली अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत करायचे कबूल केले. गणना ५ प्रमाणे स्वतःहून कबुली देणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा दिला, तरी पुरे होते; चौपट हा मेंढरू चोरून विकणाऱ्याचा दंड आहे. जक्कयाने सवलतीचे कलम वापरले नाही. आणि तारण आज या घरात आले आहे, असे येशू म्हणतो ते तो हा आकडा बोलल्यानंतर. कॅथलिक शिकवणीतही घेतलेले परत करणे हा पश्चात्तापाचाच भाग मानला आहे, असे मी समजतो, वसईकरांनी सांगावे.

बावखल

होय, तसेच आहे. पापक्षमा मिळाली म्हणून घेतलेली वस्तू आपली होत नाही.

लोंगर

मी एक व्यवहाराचे विचारतो. आमच्या दोन बहिणींनी असेच कागद करून दिले आहेत आणि विकलेल्या जमिनीखेरीज वाडीचा काही भाग अजून आम्हा भावांच्या नावावर आहे. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मागे घेता येते का?

खतावणी

फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ते न्यायालयात रद्द करून घेणे अवघड असते, वकिलाला विचारा. पण तुम्हाला ते रद्द करायची गरजच नाही. तुमच्या हिश्श्यातला भाग तुम्ही बक्षीसपत्राने बहिणींच्या नावे करून देऊ शकता. शेतजमीन मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिली, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. बहिणीला देताना बाजारमूल्याच्या ३ टक्के, वर स्थानिक अधिभार. जमिनीचे तुकडे पडणार असतील, तर मोजणीच्या आधी तलाठ्याशी बोलून घ्या.

तिखटमीठ

जक्कयाला मुद्रांक शुल्क नव्हते.

लोंगर

तीन टक्के परवडतील. धाकट्या भावाला विचारावे लागेल. तो तुमचाच धागा वाचतो असे वाटते, कारण काल रात्रीपासून त्याने माझा फोन उचललेला नाही.